मदत हवी आहे: जुनी ईआरपी बदलायची आहे, जॉबवर्क नीट सांभाळेल अशी कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचा कारखाना पत्र्याच्या कामाचा. इलेक्ट्रिकल पॅनेलची एन्क्लोजर्स, ब्रॅकेट, बारीकसारीक प्रेस पार्ट. ऑफिस भांडुपला, शॉप तळोजा एमआयडीसीत, उलाढाल साधारण ८५ कोटी, सिस्टीमवर बसणारी माणसं ३८. मी प्लॅनिंग बघतो. आयटीशी माझा संबंध एक्सेलपुरता, पण "तुला त्यातलं कळतं" म्हणत साहेबांनी ईआरपी (स्टॉक, उत्पादन, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बदलायचं हे लोढणं माझ्याच गळ्यात अडकवलंय.

सध्याचं सॉफ्टवेअर २००९ साली ओळखीतल्या एका गृहस्थांकडून व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये करून घेतलेलं. (व्हीबी ६ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने त्याच्या आदल्याच वर्षी थांबवला होता. आम्हाला कळलं फार नंतर.) खाली डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००८, त्याचीही मुदत जुलै २०१९ मध्ये संपली. ते गृहस्थ आता मुलाकडे पुण्याला असतात. फोन उचलतात, पण "बघतो" च्या पुढे गाडी सरकत नाही. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्यांनी कसंबसं ठिगळ लावून दिलं. ई-इन्व्हॉइस आम्हाला एप्रिल २०२१ पासून लागू आहे, आणि आजही डिस्पॅचची दोन पोरं एक्सेल काढून सरकारी पोर्टलवर चढवतात. त्यात आता १० कोटींच्या वर उलाढाल असेल तर इन्व्हॉइस ३० दिवसांत पोर्टलवर गेलंच पाहिजे, नाहीतर आयआरएन (इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) निघत नाही.

एवढंच असतं तर कुठलीही ईआरपी चालली असती. गोम जॉबवर्कमध्ये आहे, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर करून घेतलेल्या कामात.

एक साधा सीआरसीए (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्रा घ्या, २५०० बाय १२५०, १.२ मिमी जाडी. वजन भरतं २९.४ किलो. आम्ही तो विकत घेतो किलोत. स्टोअरमधून निघतो पत्र्यांच्या नगावर. प्रेसवर त्याचे ब्रॅकेट होतात, ते पुन्हा नगात, आणि उरलेला कात्रणाचा ढीग भंगारात किलोवर. ब्रॅकेट झिंक प्लेटिंगला वसईला जातात. प्लेटिंगवाला काट्यावर वजन करूनच घेतो, बिलही किलोवरच लावतो. माल परत येतो तेव्हा थर चढल्यामुळे एका नगाचं वजन किंचित वाढलेलं आणि नग दहावीस कमी. म्हणजे किलोत बघितलं तर घट दिसतच नाही! काही माल पुढे भिवंडीला पावडर कोटिंगला, तिथला दर चौरस फुटावर.

आमची सिस्टीम या सगळ्याला एकच युनिट लावते. ती म्हणते माल आहे, रॅकवर हात घालावा तर रिकामा. खरा स्टॉक स्टोअरच्या मामांच्या लाल वहीत असतो. परवा मुद्दाम पान बघितलं: "वसई, ४१२ ब्रॅ. गेले, ३९० आले, २२ बाकी, बोलणं झालं." हे "बोलणं झालं" नव्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या खान्यात बसवायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आणि हे फक्त हिशेबाचं दुखणं नाही. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर भरावा लागतो, वर व्याज. (डाय, जिग, फिक्श्चरना ही मुदत नाही, तेवढं नशीब.) गेल्या वर्षी आयटीसी-०४ (जॉबवर्कचं जीएसटी विवरणपत्र) भरताना वर्ष उलटून गेलेली दोन चलनं (बाहेर पाठवलेल्या मालाचे कागद) निघाली. मामांच्या वहीत ती होती. आम्हीच त्यांना विचारलं नव्हतं.

आता यादी. सॅप बिझनेस वन, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल (पूर्वीचं नॅव्हिजन), ओडू आणि ईआरपीनेक्स्ट. शेवटचं आपल्या मुंबईतच बनलेलं आणि ओपन सोर्स, त्यामुळे ३८ जणांचं लायसन्स हा विषयच निघत नाही. खर्च होस्टिंगचा आणि बसवून देणाऱ्याचा. साहेबांना मात्र "फुकट" शब्द ऐकला की शंका येते.

चारही डेमो बघून झाले. डेमोत सगळीकडे सायकल बनते. दोन चाकं, एक हँडल, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी) तयार, टाळ्या. मी माझा पत्रा पुढे केला, तर एकाने "कस्टमायझेशनमध्ये करून देऊ" म्हणून पुढची स्लाइड काढली. दुसऱ्याने निदान कागद मागून घेतला.

अकाउंट्सचे काका टॅली सोडणार नाहीत, हे त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलंय. वह्या टॅलीत आणि स्टॉक ईआरपीत ठेवून जोडणी करणं कितपत टिकतं? एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग (नोंदीत कधी काय बदललं याची नोंद) सक्तीचा आहे, तो टॅलीत मिळतोय. मग वह्या हलवायची घाई कशाला, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

साहेबांना दसऱ्याच्या मुहूर्तावर गो-लाइव्ह हवंय, आणि दिवाळीआधीचे सहा आठवडे आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. हर्शीज या चॉकलेट कंपनीने १९९९ साली ऐन हॅलोविनच्या तोंडावर नवीन सिस्टीम सुरू केली आणि माल गोदामात पडून असताना दुकानांत पोचेना, हा किस्सा मी त्यांना सांगून बघितला. म्हणाले, "आपण चॉकलेट विकत नाही."

पहिल्या दिवशीच्या प्रतिसादांना एकत्र उत्तर देतो:

बजेट पहिल्या वर्षाला सगळं मिळून ४० लाख. क्लाउडला माझी ना नाही, पण पावसात तळोज्याची लाइन दिवसदिवस जाते. गेटवर टेम्पो उभा असताना चलन कसं काढायचं, ते क्लाउडवाल्यांनी सांगावं.

"सॉफ्टवेअर वाकवू नका, कामाची पद्धत बदला" असं दोघांनी लिहिलंय. अर्धं पटलं. नग मोजणारा काटा आणून प्लेटिंगला माल वजन आणि नग दोन्ही लिहून पाठवायला याच आठवड्यात सुरुवात केलीय. मामा कुरकुरले, पण काटा त्यांना आवडलाय. प्लेटिंगवाल्याची पद्धत मात्र मी बदलू शकत नाही, त्याच्याकडे आमच्यासारखे पन्नास येतात.

जुना डेटा किती न्यायचा यावर मतं आली, त्यातलं "आयटम मास्टर (मालाच्या कोडांची यादी) साफ करून फक्त उघडी चलनं, उघड्या ऑर्डर आणि शिल्लक स्टॉक" हे धरून चालतोय. एकाच वॉशरचे सात कोड सापडलेत, अजून शोधतोय.

ब्रोशर नकोत. तळोजा, रबाळे, वसई, अंबरनाथ, कुठेही किलो आणि नग दोन्हींत जॉबवर्क चालवणारा कारखाना कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. अर्धा दिवस काढून येईन. मामांनाही घेऊन येईन, वहीसकट.