एमएस्सी बायोकेमिस्ट्रीनंतर पीएचडी, की हालोलची बस?

दांडियाबाजार
भाचीचं यंदा एमएस्सी झालं आणि घरात दोन तट पडले. ताई म्हणते पीएचडी, भावजी म्हणतात बडोद्याजवळ हालोलला औषधकंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, नोकरीला चिकट. मी भावजींच्या बाजूचा. बायोमेडिकल संशोधनात मुलं तिशीला येतात आणि मग कळतं, की त्या पदवीला बाजारात गिऱ्हाईक नाही. बडोद्याच्या आसपास औषधकंपन्या चिक्कार, पण त्यांचं पोट भरतं जेनेरिकवर. पेटंट संपलेलं औषध स्वस्तात आणि वेळेत बनवायचं. त्याला केमिस्ट लागतो, फार्मसीवाला लागतो, कागद चोख ठेवणारा लागतो. पेशीत कुठलं प्रथिन कशाला चिकटतं हे सांगणारा कशाला लागेल? विरोध जरूर करा, फक्त "आवड असेल तर" हे पालुपद नको.

पिपेटवाली
काका, तिला नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळालीय का ते लिहिलंच नाहीत. सगळं तिथेच अडतं. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी तिचीच वरची पायरी एसआरएफ झाली की 42,000. हालोलला फ्रेशरला एवढे कोण देतं? मी चौथ्या वर्षाला आहे, उपाशी नाही. जेआरएफ नसताना मात्र गाइडच्या "पुढची ग्रँट (संशोधनाचा निधी) आली की बघू"वर विसंबून लॅबमध्ये शिरू नये. त्यात मुली चार-चार वर्षं अडकलेल्या पाहिल्यात.

मध्यरात्रीची पाळी
आकडे बरोबर, हिशेब अर्धा. फेलोशिप पाच वर्षांत संपते, थीसिस संपत नाही. आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतात हे कुणी सांगितलं? माझ्या बॅचच्या एकीचे कित्येक महिने थकले नि मग एकदम आले. घरमालक थांबतो होय तोवर?
मी एमएस्सी करून थेट एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसलो. पहाटे कंपनीची बस, डोक्याला टोपी, दिवसभर तीच सॅम्पलं नि आलेखावरचे तेच पीक. कंटाळा भरपूर. पहिला पगार तर सांगू नये असा. पण यूएसएफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचं, इन्स्पेक्शन एक-दोनदा निभावलं की अहमदाबादहून फोन येतो, हैदराबादहून येतो. माझ्याबरोबरचा पीएचडीवाला इंटरव्ह्यूला गेला की ऐकून येतो, "तुम्ही जास्त शिकलेले, टिकणार नाही."

जुना केमिस्ट
धागाकर्त्यांनी बडोद्याचा इतिहासच पुसून टाकला. अलेम्बिक ही औषधकंपनी 1907 ची. कलाभवन ही बडोद्याची तंत्रशिक्षण संस्था घडवणारे गज्जर, सोबत कोटिभास्कर आणि अमीन, या मंडळींनी उभी केली. आपल्या विद्यापीठाचा बायोकेमिस्ट्री विभाग 1955 चा, तेव्हा देशात असे विभाग हाताच्या बोटांवर मोजावे इतके. आणि आजचं म्हणाल तर मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीवरचं सारोग्लिटाझार अहमदाबादच्या झायडसनं शोधलं, 2013 मध्ये मंजूर झालं. आयआयटी मुंबईतून निघालेल्या नेक्सकार19 या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. हे काय क्यूसीत बसून झालं?

दांडियाबाजार
1907 च्या पुण्याईवर आजचा पगार होत नाही, काका. उदाहरणं दोन दिलीत, आणखी किती सापडतील? माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलेल्या दहा रेणूंतले (म्हणजे होऊ घातलेल्या औषधांतले) साधारण नऊ आपटतात. एवढा पैसा बुडवायची ताकद किती कंपन्यांत आहे? संशोधनावर आपला देश जीडीपीचा एक टक्काही खर्च करत नाही. जागा येणार कुठून?

पिपेटवाली
आपटलेल्या नऊ रेणूंवरही माणसं कामाला असतातच की! टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषारीपणा तपासणं, उंदरांवरचे प्रयोग, रक्तातलं औषध मोजणारं बायोॲनालिसिस. रेणू पडला तरी त्यांचा पगार झालेला असतो. बडोद्यातच तांदळज्यात सन फार्माचं संशोधन केंद्र आहे, तिथे काय फक्त केमिस्ट बसतात?

चार्ल्स नदीकाठी
बोस्टनहून. इथे येऊन पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) करू, असा कुणाचा बेत असेल तर थांबा. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचनं, म्हणजे अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेनं, ग्रँटवरचा अप्रत्यक्ष खर्च (इमारत, वीज, कार्यालय यांसाठी विद्यापीठाला मिळणारा वाटा) 15 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. कोर्टानं ते अडवलं, तरी अनेक ग्रँट रद्द झाल्या आणि बऱ्याच प्राध्यापकांनी नवी माणसं घेणं थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर फी आली. पोस्टडॉक बहुतेक जे-1 या वेगळ्या व्हिसावर येतो, म्हणून पहिल्या दिवशी ती जाणवत नाही. पुढे कंपनीत शिरताना जाणवते. बायोटेकमधून कमी झालेले, अनुभवी लोक त्याच जागांना रांगेत आहेत, ते वेगळंच.

मध्यरात्रीची पाळी
घ्या! म्हणजे परदेशाचा दरवाजाही अर्धा लागला.

नाव नको
मी पीएचडी करून फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहे, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी. दोन्ही बाजू "संशोधन" म्हणजे बेंच, प्रयोगशाळेतलं काम, एवढंच धरून भांडताहेत. क्लिनिकल ट्रायल, रेग्युलेटरी (सरकारी मंजुरीची कामं), मेडिकल रायटिंग इथे बायोकेमिस्ट्रीवाले पुष्कळ आहेत. पण नुसत्या केस नोंदवायचं काम आता सॉफ्टवेअर करू लागलंय, त्या भरवशावर येऊ नका. पीएचडी करायचीच तर आर ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र सोबत शिका. माझ्या पाच वर्षांतली कामाला आलेली गोष्ट तेवढीच, प्रथिनं ओळखायची वेस्टर्न ब्लॉट चाचणी नव्हे. (गाइड हे वाचत नसतील अशी आशा.)

पिपेटवाली
हे पटलं. लॅब निवडण्याआधी गाइडलाच विचारावं, मागचे पाच विद्यार्थी आता कुठे आहेत.

मध्यरात्रीची पाळी
गाइड सांगतील ते परदेशात गेलेल्या दोघांबद्दल. अर्ध्यात सोडून गेलेल्यांची नावं लॅबच्या शिपायाला विचारा, आणि त्यांनाच फोन लावा.