दादाच्या मानेच्या गाठीत टीबी, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) फक्त ६२, तरी एचआयव्हीच्या गोळ्या थांबवून ठेवल्यात. हे बरोबर आहे का?

मधली_बहीण

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

माझा मोठा भाऊ, वय ३८, शिवणकाम करतो. दिवाळीपासून रोज संध्याकाळी कणकण, आणि रात्री इतका घाम की बनियन पिळावं लागतं. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. मानेला डावीकडे लिंबाएवढी गाठ आली. थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. एक्स-रेही बरा आहे म्हणाले. मग एका खासगी लॅबने बाकीच्या तपासण्यांसोबत न विचारता एचआयव्हीचीही केली आणि काउंटरवर चार माणसांदेखत मोठ्याने सांगितलं. तेव्हापासून दादा मान वर करून बोलत नाही.

सिव्हिलला पुन्हा रक्त दिलं, तिथेही पॉझिटिव्ह. सीडी४ ६२. गाठीत सुई घालून पू काढला, त्यात टीबी निघाला. टीबीच्या गोळ्या सोमवारपासून चालू आहेत, पण एचआयव्हीच्या "दोन आठवड्यांनी बघू" म्हणतात. ६२वर आलेल्या माणसाला थांबवायचं? की आम्हाला टाळतायत? आणि वहिनीचं, साडेचार वर्षांच्या भाचीचं काय?

लाल_झाकण

ताई, मी सोळा वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात, लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं शेवटचं तुमच्या एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्यांच्या) सेंटरलाच विचारा. पण तुम्हाला कोणी टाळत नाहीये.

आधी त्या लॅबबद्दल. माणसाला न विचारता एचआयव्हीची तपासणी करायची नाही आणि निकाल त्याच्याशिवाय कुणाला सांगायचा नाही, हे २०१७च्या कायद्यातच आहे. दादांचा अपमान झाला तो झालाच, पण चूक त्यांची नव्हती, हे त्यांना घरात कुणीतरी स्पष्ट सांगा. शिवाय एका किटवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवतच नाहीत. आमच्याकडे त्याच रक्तावर तीन वेगवेगळी किट लावतात, तिन्हींची घडण निराळी. किटवर ठरलेल्या वेळेतच रेघ वाचायची, चहा पिऊन येऊन वाचलेली चालत नाही. किट नीट चाललं हे दाखवणारी कंट्रोलची रेघ उमटली नाही तर ते किट बाद. दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच. अशी फिकट रेघ बघताना आजही मी ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहते.

थुंकीत का निघालं नाही? टीबीत फुप्फुसाला पोकळी पडते ती शरीर जंतूंशी झुंजतं म्हणून, आणि त्या पोकळीतूनच जंतू थुंकीत येतात. सीडी४ इतका खाली गेला की झुंजायला बळच उरत नाही. पोकळी नाही, म्हणून थुंकी स्वच्छ, एक्स-रे बरा, आणि टीबी गाठीत दडलेला. तुमच्या डॉक्टरांनी गाठीत सुई घातली ते फार चांगलं केलं. सीबीनॅट या टीबी तपासणीच्या मशीनवर तो पू लावला असेल तर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही हेही त्याच रिपोर्टमध्ये असतं. ती ओळ बघून घ्या.

आता दोन आठवडे. टीबीचे जंतू आधी थोडे कमी करावे लागतात. सगळ्या गोळ्या एकदम चालू केल्या आणि अंगावर पुरळ उठलं, की कशामुळे ते कळत नाही. आणि याच दिवसांत डोक्याकडे लक्ष ठेवायचं. सतत डोकं दुखणं, मान ताठणं, उलट्या, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की सुट्टी, घेऊन निघा. सीडी४ १००च्या खाली असताना मेंदूच्या आवरणात बुरशी किंवा टीबी शिरू शकतो, आणि तसं असेल तर एआरटी आणखी काही आठवडे लांबवावी लागते. क्रिप्टोकॉकसची, म्हणजे त्या बुरशीची, रक्ततपासणी झाली का, हे नक्की विचारा. सीपीटीची, म्हणजे कोट्रायमॉक्साझोलची गोळी मिळाली का, तेही. ती न्यूमोनिया आणि टॉक्सो या मेंदूच्या संसर्गापासून राखते. मात्र दोन आठवडे झाले की त्या दिवशी तुम्हीच दारात उभ्या राहा, पुढे ढकलू देऊ नका.

वहिनींची तपासणी उद्याच करा. निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तोवर निरोध. वहिनी निगेटिव्ह असल्या तर मुलीची काळजी जवळपास मिटते, कारण मुलाला एचआयव्ही येतो तो बहुतेक आईकडून. दादांच्या ताटातून, कडेवरून, पाप्यांतून काही होत नाही. भाचीला त्यांच्यापासून लांब ठेवू नका, एचआयव्हीसाठी तर नाहीच.

पंढरीचा_वारकरी

ताई, माझा सीडी४ २००९ साली ४१ होता, आणि टीबीही गाठीचाच. एआरटी चालू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात गाठ दुप्पट सुजली, ताप परत आला. मला वाटलं औषध लागत नाही, मी दोन्ही गोळ्या बंद केल्या. फार मोठी चूक. शरीरात बळ परत येतं तेव्हा ते दडलेल्या टीबीवर तुटून पडतं, त्याचीच ती सूज होती. दादाला असं झालं तर गोळी एकही चुकवायची नाही, सेंटरला जायचं.

आणखी एक. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून टीएलडीची (डोल्युटेग्राविर धरून तीन औषधांची) एक गोळी आणि बारा तासांनी नुसत्या डोल्युटेग्राविरची दुसरी, असं मिळायला हवं. टीबीचा कोर्स संपला तरी ती दुसरी गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवतात. घरी आल्यावर डब्या उघडून मोजा.

माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, गेली कित्येक वर्षं सापडत नाही. बायको निगेटिव्ह आहे. आषाढीला चालत जातो.

मधली_बहीण

ताई, दादा, तुम्हा दोघांचे खूप आभार. आज वहिनीला घेऊन गेले होते. निगेटिव्ह. तीन महिन्यांनंतरची तारीख कार्डावर लिहून दिलीय. सीपीटी पहिल्या दिवसापासून चालूच होती, पिशवीत तळाला होती, मला कळली नव्हती. क्रिप्टोचा रिपोर्ट उद्या येईल. पंढरीच्या दादांचं उत्तर मी दादाला वाचून दाखवलं. "आषाढीला चालत जातो" हे त्याने दोनदा वाचायला लावलं. मग बऱ्याच दिवसांनी मशीनवरचं कापड काढलं आणि भाचीच्या फ्रॉकची उसवलेली बाही घालून दिली.

लाल_झाकण

क्रिप्टोचा रिपोर्ट आला की इथे लिहा. रविवारी काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मोफत आहे.