बुद्धमूर्तीपुढे खीर ठेवली तर चालतं का?

जय भीम सगळ्यांना. साताऱ्यात नवीन फ्लॅट घेतलाय, हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवलाय. रोज मेणबत्ती अगरबत्ती लावून त्रिशरण पंचशील म्हणतो, पण सासूबाई पौर्णिमेला खिरीची वाटीपण ठेवतात आणि नणंद म्हणते हा नैवेद्यच झाला, आपल्यात नको. नक्की काय करू?

मिरजकर: जय भीम ताई, खुशाल ठेवा की. सुजातानं ज्ञानप्राप्तीच्या आधी सिद्धार्थाला खीर दिली त्याची ती आठवण आहे, आमच्याकडे वैशाख पौर्णिमेला खीर असतेच. श्रीलंकेत तर घरोघरी बुद्धांपुढे अन्न ठेवतात, तेपण दुपारच्या आत. फक्त त्याच्यासमोर काही मागायचं नाही, नवस तर अजिबात नको, बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं आपण. सासूबाईंना दुखवू नका.

इस्लामपूरवाला: खिरीचं ठीक आहे पण माझ्या मते फूल जास्त महत्त्वाचं. पुष्पपूजेच्या गाथेत आपण म्हणतो की हे फूल जसं कोमेजतं तसं माझं शरीरपण नाश पावणार, आता प्लास्टिकचा हार घालून ही गाथा म्हटली तर काय अर्थ राहिला सांगा, म्हणून एकच ठेवा पण ताजं ठेवा. आणि दिशा, वास्तू वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कराडची ताई: मुलं आहेत का घरात? आमची ७ नोव्हेंबरला वह्यापुस्तकं ठेवतात फोटोपुढे, १९०० साली त्याच दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं होतं. तुम्ही तर साताऱ्यातच राहता, नक्की सुरू करा.