मदत हवी आहे: पुशरॉडची लांबी नेमकी मोजायची कशी?

मंडळी, 500 सीसीची यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेली) बुलेट कुर्ल्यात मित्राच्या गॅरेजमध्ये खोललीय. हेड 0.6 मिमी घासून घेतलं, दोन्ही कॅम रीग्राइंड केले. घोळ असा, की हेड खाली आलं म्हणून पुशरॉड (कॅमचा धक्का वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरपर्यंत नेणारा दांडा) आखूड हवा, आणि बेस सर्कल (कॅमचा उंचवट्याशिवायचा गोल भाग) लहान झालं म्हणून लांब! लेथवाला म्हणतो, ‘जुनेच टाका, हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधला, तेलाच्या दाबाने फट भरून काढणारा भाग) सांभाळून घेतो.’ मला पटत नाही. रॉकरला अ‍ॅडजस्टर नाही, म्हणजे लांबी चुकली की थेट प्रीलोड (टॅपेटचा प्लंजर आधीच किती दाबलेला राहतो ते) चुकला.

जुना रॉड कापून मधे आटे पाडलेला बार घातला आणि कमी-जास्त होणारा चेकर बनवला. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना), दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून तीनदा मोजलं. तीन वेगळे आकडे, अर्ध्या मिलीचा फरक! रॉड चिमटीत फिरवताना टॅपेटचा प्लंजर हळूच दबतो, माझा संशय त्याच्यावरच.

मग फिरवण्याऐवजी वर-खाली हलवून झीरो लॅश (फट संपली पण प्लंजर दबला नाही ती जागा) धरू का? की मोजण्यापुरता टॅपेट आतून सॉलिड करू? दबलेलं जुनं गॅस्केट लावून, नट पूर्ण टॉर्कला आवळून मोजलं तर चालेल ना? आणि यात प्रीलोड किती ठेवता? रविवारी इंजिन परत जोडून बंद करायचंय, पावसात गॅरेज गळतं.