पहिलं घर, एकट्या पालकाची सही: तुमचे अनुभव सांगा

अबोली
दिवाळीच्या आवराआवरीत काल माळा काढला. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यात लेकीच्या शाळेचं एक परिपत्रक सापडलं, सहलीचं. फेकणार तेवढ्यात मागची बाजू दिसली. माझंच अक्षर. पगार ४३,०००. हप्ता २१,४००. शाळा आणि व्हॅन ४,५००. आईचं औषध १,२००. मेंटेनन्स, पुढे प्रश्नचिन्ह. खाली दोनदा गिरवलेली रेघ, आणि 'उरले' या शब्दापुढचा आकडा इतक्यांदा खोडलेला की कागदाला भोक पडलंय. भोकाच्या शेजारी लेकीने स्केचपेनने काढलेलं घर. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, धुराडं, धुराड्यातून धूर. तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेला धुराडं!

२०१४ साल. धायरी, रीसेल, ३० लाख. घटस्फोटाला दीड वर्ष झालेलं. भाड्याच्या घरातून 'मुलाचं लग्न ठरलंय, जागा लागेल' म्हणून निघायला सांगितलं होतं (तो मुलगा परवा दिसला, अजून बिनलग्नाचा आहे, असो).

पैशांची भीती होतीच, पण पोटात गोळा आला तो बँकेत. फॉर्मवर को-ॲप्लिकंटचा रकाना. समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, मिस्टरांचं इन्कम धरलं तर अमाउंट वाढेल." मी कोर्टाच्या डिक्रीची कॉपी पुढे सरकवली. त्यांनी ती मागूनपुढून पाहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मग वडील? भाऊ?" वडील नाहीत, भाऊ नाही. शेवटी मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. पट्टी न घेता मारली, वाकडी गेली. २२ लाख, वीस वर्षं, १०.१० टक्के. बाईच्या नावावर म्हणून ०.०५ कमी, त्याचाही तेव्हा आनंद झाला होता.

बाकीचे आठ लाख, वर स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचे दोनच्या वर. पीएफ काढला, आईने तिची एफडी मोडली, मी मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. (वाट्या मोडणं सगळ्यात सोपं गेलं, खरं सांगते.)

हवी होती बाल्कनी आणि शाळेजवळची जागा. मिळालं काय तर शाळा नऊ किलोमीटर आणि बेडरूमच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचा ड्रेनेजचा पाइप. पहिल्या रात्री कडी लावली का ते चारदा उठून पाहिलं.

तुमचं सांगा. बाबा लोकांनीही सांगा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. सल्ले येणारच आहेत म्हणा.

खमंग_काकडी
धुराडं 😂 माझ्या पोराने घराच्या मागे दोन डोंगर आणि मधे सूर्य काढला होता. आमच्या मागे पेट्रोल पंप आहे.

साडेसातची_फास्ट
डोंबिवली. मिस्टर गेले तेव्हा कंपनीचं क्वार्टर सहा महिन्यांत सोडायचं होतं. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे पैसे हातात आले आणि अचानक सगळ्यांना माझी काळजी वाटायला लागली. दीर म्हणाले एफडीत ठेव, नणंदेचे मिस्टर म्हणाले माझ्या ओळखीत प्लॉट आहे. मी कुणालाच काही न बोलता चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही म्हणून स्वस्त. तेव्हा मी चौतीस वर्षांची, वाटलं चार मजले काय, चढेन उड्या मारत. आता गुडघे बोलतात. सिलेंडरवाला दर वेळी खालूनच "ओ ताईऽऽ" करून ओरडतो, आणि वर आणून दिल्याचे वेगळे घेतो.

एक किस्सा. सोसायटीने फ्लॅट माझ्या नावावर ट्रान्स्फर करायला 'स्वेच्छा देणगी' म्हणून लाखभर मागितले. मला ऑफिसातल्या सिनियर बाईंनी सांगून ठेवलं होतं की ट्रान्स्फर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही. मी म्हटलं देते लाख, पण पावतीवर 'देणगी स्वेच्छेने दिली नाही' असं लिहून द्या. चेअरमन चहा प्यायचे थांबले. २५ हजारांत काम झालं. पुढची दोन वर्षं पाण्याची तक्रार मात्र माझीच सगळ्यात शेवटी ऐकली जायची 😀

खमंग_काकडी
@साडेसातची_फास्ट ताई नमस्कार घ्या. आमच्याकडे बिनपावतीचे ५० हजार दिले हो. आज कळतंय.

पाथर्डी_फाटा
बाबा लोकांनी लिहा म्हटलं म्हणून लिहितोय. नाशिक. बायको गेली तेव्हा पोरगा सहा वर्षांचा. फ्लॅट बघायला गेलो की सेल्सवाला एकच वाक्य म्हणायचा, "सर, रविवारी वहिनींना घेऊन या, किचन त्यांनीच पाहायला पाहिजे." पहिल्या दोन ठिकाणी मी 'गावाला गेल्यात' म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी पोरानेच सांगून टाकलं, "कुकर बाबाच लावतात." सेल्सवाला बिचारा ब्रोशर उलटं धरून वाचायला लागला.

गंगापूर रोडला टू बीएचके बजेटमध्ये बसत होता (हप्ता ओढून ताणून). घेतला पाथर्डी फाट्याला वन बीएचके, कारण सासूबाई शेजारच्या गल्लीत राहतात. शाळेतून पोरगा थेट तिकडे जातो. माझ्या आईला अजून राग आहे, 'आमच्याजवळ नाही घेतलंस'.

आणि ओटा. मी सहा फूट. तयार ओट्यावर भाजी चिरली की पाठ धरायची. तो तोडून तीन इंच उंच करायला सांगितला तर मिस्त्री म्हणाला, "साहेब, उद्या वहिनी आल्या तर त्यांना उंच पडेल." म्हटलं वहिनी आल्या तर पाट देऊ. आता आठ वर्षं झाली. पाट आहे, पोरगा त्यावर उभा राहून पोळ्या लाटायचा, आता त्यालाही लागत नाही.

मोगरा७
पाट 🥹

कडूलिंब
ओटा कडप्पाचा की ग्रॅनाइटचा? आमचा कडप्पा पांढरा पडलाय, खोबरेल लावून झालं, काही उपयोग नाही.

पाथर्डी_फाटा
ग्रॅनाइट. कडप्प्याला लिंबू-चिंच सांडली की लगेच पुसायची, नाहीतर डाग बसतात. सासूबाईंचं ज्ञान, माझं नाही.

इंडेक्स_टू
सल्ले नकोत म्हटलंय तरी एक लिहितोच, माफ करा. एकट्या पालकांनी सोसायटीत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं की झालं असं समजू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करा, आणि मूल अज्ञान (अठराच्या आतलं) असेल तर तोवर कोण सांभाळेल तेही त्यात लिहा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत.

अबोली
आला सल्ला 😀 पण हा चालेल. मी अजून केलेलं नाहीये, खरं तर.

साडेसातची_फास्ट
मीही नाही. आता झोप गेली ना माझी.

रांगोळी_उंबरा
बांधकाम चालू असलेलं घेतलं ही माझी चूक म्हणा किंवा नाइलाज, रेडी पझेशन परवडतच नव्हतं. २०१६ ला बुकिंग, डिसेंबर २०१८ चा वादा. २०१७ मध्ये महारेरा (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) आलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग त्यांच्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं तर बिल्डरने प्रकल्प नोंदवताना स्वतःच नवी तारीख टाकलेली. तीन वर्षं भाडं आणि प्री-ईएमआय (ताबा मिळेपर्यंतचं कर्जाचं व्याज) दोन्ही भरलं. ज्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी कापले जायचे त्या महिन्यात आम्ही 'खिचडी सप्ताह' पाळायचो, लेकीला वाटायचं गंमत आहे. तिला चौथीत स्वतःची खोली मिळणार होती, मिळाली सातवीत. तोवर तिला गुलाबी रंग आवडेनासा झाला होता आणि भिंत गुलाबी ठरलेली. ग्रे करून घेतली.

दर रविवारी आम्ही दोघी साइटवर जायचो, वडापाव घेऊन. स्लॅब मोजायचो. वॉचमनची बायको लेकीला ओळखायला लागली होती.

वऱ्हाडी_ठेचा
मी नाही घेतलं बाप्पा. नागपूर. वडिलांच्या घरी वरच्या मजल्यावर राहते मुलाला घेऊन. भाऊ म्हणते, तुझंच आहे ना वं घर. पण आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) माझं नाव नाही अन् ते टाका म्हणायची माझी हिंमत होत नाही, कारण वहिनी चांगली आहे. वाईट असती तर सोपं झालं असतं. तुमचं सगळ्यांचं वाचून राहिली आहे मी कालपासून, स्वयंपाक करता करता.

अबोली
@वऱ्हाडी_ठेचा 'वाईट असती तर सोपं झालं असतं', अगं किती खरं लिहिलंस. बोलू निवांत.

मोगरा७
वास्तुशांतीचं कुणीच लिहिलं नाही. आमच्या गुरुजींनी फोनवर विचारलं, "पूजेला कोण बसणार?" मी म्हटलं मी. "नाही, जोडी?" म्हटलं जोडी नाही. मग म्हणाले भाऊ-भावजयीला बसवा. म्हणजे हप्ता मी भरणार आणि संकल्प भाऊ सोडणार! आईने दुसरे गुरुजी शोधले, वयस्कर, जरा कमी ऐकू येणारे. ते म्हणाले, बस गं तू, शेजारी सुपारी ठेवू. ती सुपारी अजून देवघरात आहे. मैत्रीण विचारते, 'हे कसे आहेत?' मी म्हणते, शांत आहेत, घोरत नाहीत.

खमंग_काकडी
हसून हसून चहा सांडला 😂😂

कडूलिंब
जेवायला काय केलं होतं?

मोगरा७
श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. पंचवीस पानं, आणि हॉलमध्ये पंखा बसवलेलाच नव्हता.

बदलापूर_शेवटची_गाडी
मी या धाग्यावरचा 'पोरगा'. आईने ९६ साली बदलापूरला घर घेतलं, तळमजला, कारण वरचे मजले महाग. आई सकाळी पाच चाळीसला निघायची, रात्री आठला परत. किल्ली माझ्या गळ्यात, करदोट्याला बांधलेली. मला त्या घराचा राग होता, माझे दादरचे मित्र तुटले म्हणून.

२६ जुलै २००५. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं. आई मुंबईत अडकलेली, फोन लागत नाहीत. मी बारावीत. मी काय वाचवलं असेल? टीव्ही नाही, गाद्या नाहीत. घराची फाइल. दोन पिशव्यांत गुंडाळून वरच्या काकूंकडे नेऊन ठेवली. आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली, बरंचसं अंतर चालत. दारात चिखल घोट्याच्या वर. तिने आधी मला चापट मारली, खाली का थांबलास म्हणून. मग फाइल कोरडी आहे हे पाहिलं आणि चिखलातच बसली.

आता मी पुण्यात, दहाव्या मजल्यावर. आई तिथेच आहे, तळमजल्यावर. हलायला तयार नाही.

साडेसातची_फास्ट
लेकरा 🙏 आईला नमस्कार सांग.

पाथर्डी_फाटा
माझी फाइल कुठेय ते बघायला उठलो.

इंडेक्स_टू
स्कॅन करून ठेवा सगळे. (हा शेवटचा सल्ला.)

खमंग_काकडी
लिहून ठेवा, शेवटचा नाही 😂

नवखी_पर्वा
कधीची वाचतेय, आज लिहिते. माझं उद्या आहे. साडेअकराचा नंबर, रजिस्ट्रेशनला. ४२ लाख, वन बीएचके, वाघोलीच्या पुढे, पाणी टँकरचं (माहीत आहे, बोलू नका). भाऊ म्हणत होता माझं नाव घाल सोबत, आधार वाटेल. पण घरात फक्त बाईचं नाव असेल तरच स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट, २०२१ पासून. म्हणजे भावाचं नाव घातलं की ४२ हजार गेले. हेच कारण सांगितलं त्याला. खरं कारण मला शब्दात सांगता आलं नसतं, वरचं वाचल्यावर थोडं कळलं. अबोलीताई, तुमची ती वाकडी रेघ.

आता सांगा काय काय नेऊ? पोटात काल रात्रीपासून नुसतं ढवळतंय. मुलाला शाळेत पाठवू की सोबत नेऊ?

अबोली
अगं! आधार-पॅन मूळ प्रती, तुझ्या आणि साक्षीदारांच्या. स्टॅम्प ड्यूटी भरल्याच्या चलनाची प्रिंट. अंगठा नीट उमटत नसेल तर जरा हात धुऊन कोरडे कर, माझा चारदा घ्यावा लागला होता. डबा ने, सर्व्हर पडला तर चार वाजतात.

रांगोळी_उंबरा
मुलाला ने. कंटाळेल, पण ने.

साडेसातची_फास्ट
पाण्याची बाटली आणि चार्जर. साक्षीदार कोण आहेत?

नवखी_पर्वा
एक ऑफिसमधली मैत्रीण, अर्धी रजा टाकून येतेय. दुसरे मुलाचे व्हॅनवाले काका. म्हणाले पोरं सोडून पावणेअकरापर्यंत पोचतो, कुठला शर्ट घालू?

पाथर्डी_फाटा
फोटो निघतो, इस्त्रीचा घालायला सांगा.