शेजाऱ्यांची माया आणि अॅम्ब्युलन्सचे बिल: अमेरिकेतील या दोन अनुभवांची सांगड कशी घालावी?

प्रश्न

डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात आम्ही अकरा वर्षांपासून राहत आहोत. गेल्या जानेवारीत पहाटे माझे पती दारासमोरच्या बर्फावरून घसरून पडले, डोक्याला मार लागला आणि मी ९११ या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकावर फोन केला. दुपारी त्यांचे कपडे नेण्यासाठी घरी आले, तेव्हा आमचा ड्राइव्हवे कोणीतरी फावड्याने साफ केलेला होता, पायऱ्यांवर मीठ टाकलेले होते आणि दाराशी निळ्या झाकणाचे एक भांडे होते. झाकणावरच्या चिठ्ठीत, भांडे परत करण्याची घाई नाही, एवढेच लिहिले होते. हे सारे शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने कोणी न सांगता केले होते.

सहा आठवड्यांनी अॅम्ब्युलन्सचे बिल आले. विमा कंपनीने तिचा वाटा भरल्यानंतरही आमच्याकडे अकराशे डॉलरहून अधिक रक्कम उरली, कारण ती अॅम्ब्युलन्स आमच्या विम्याच्या नेटवर्कबाहेरची, म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेली होती. शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते कळवळून म्हणाले, "मला उठवायचे होते. मी गाडीने नेले असते." बिलापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहाटेच्या बर्फातून स्वतः गाडी चालवत नेण्याची त्यांची तयारी होती, आणि अॅम्ब्युलन्स बोलावणे परवडत नाही हे त्यांनी गृहीतच धरलेले होते. माणसे इतकी मायेची असताना व्यवस्था अशी का, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

मी एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते, त्यामुळे आधी व्यवहाराचे सांगते. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअरशी (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याशी) संलग्न असलेल्या आणि इमर्जन्सी विभाग चालवणाऱ्या रुग्णालयाला रुग्णाची पैसे देण्याची ऐपत न पाहता त्याची तपासणी करावी लागते व त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. मात्र नंतर बिल किती लावावे, यावर तो कायदा काहीच बोलत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सरप्रायझेस' कायद्याने नेटवर्कबाहेरच्या आपत्कालीन उपचारांच्या वाढीव बिलांपासून संरक्षण दिले. त्यात हेलिकॉप्टर व विमानाने होणारी रुग्णवाहतूक आहे, पण रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स वगळलेली आहे. काही राज्यांनी ही उणीव स्वतःच्या कायद्यांनी भरून काढली आहे. तरीही अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात, आणि अशा योजनांना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे विमा नियम लागू होत नाहीत.

ताई, आपण बिल भरण्यापूर्वी त्याचा तपशील लेखी मागवा आणि विमा कंपनीकडे अपील करा. रुग्णालय विनानफा तत्त्वावर चालणारे असेल तर त्याचे आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण असावेच लागते, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. अॅम्ब्युलन्स कंपनीवर असे बंधन नाही, तरी फोन करून रक्कम कमी करण्याची विनंती अवश्य करा.

प्रतिसाद २

मला हीच गोष्ट बाळंतपणात दिसली. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी, आणि तीसुद्धा साधारणपणे पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत. सर्व मातांना पगारी रजा देणारा केंद्रीय कायदा येथे नाही. माझी साठलेली रजा संपत आली, तेव्हा सहकाऱ्यांनी स्वतःच्या सुट्टीचे दिवस मला दान केले. त्यांच्यापैकी एकीचे वडील त्या काळात आजारी होते, तरी तिने तीन दिवस दिले. त्या यादीवरची नावे वाचताना मला रडू आले, आणि आज विचार करते तेव्हा वाटते की जे दिवस मला हक्काने मिळायला हवे होते, ते तिच्या वाट्यातून आले.

प्रतिसाद ३

मला यात विसंगती वाटत नाही; मुळे एकच आहेत. येथे मदत ही माणसाने आपण होऊन करायची गोष्ट मानली जाते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्वयंसेवी अग्निशमन दल उभारले, आणि आजही देशातील बहुसंख्य अग्निशमन कर्मचारी स्वयंसेवक आहेत. माझ्या गावातला नळजोडणी करणारा माणूस भोंगा वाजताच हातातले काम टाकून धावतो. मात्र जे शेजाऱ्यांच्या आवाक्यात आहे तेवढेच या वृत्तीने भागते. फावडे शेजाऱ्याकडे असते, अॅम्ब्युलन्स नसते. अनेक राज्यांत अॅम्ब्युलन्स सेवा कायद्याने अत्यावश्यक मानलेली नाही, त्यामुळे ती चालवण्याचा मोठा खर्च रुग्णांच्या बिलांतूनच काढला जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. तपशील मागवणारे पत्र आज पाठवले. भांडे परत करायला गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी त्यांच्या जुन्या अपिलाची प्रत काढून दिली. तीन वर्षांपूर्वी त्यांनाही असेच बिल आले होते आणि त्यातले निम्मे माफ झाले होते. मी मात्र त्या दोघांना बजावून आले की, त्यांच्या घरी तशी वेळ आली तर आधी ९११ ला फोन करायचा आणि मग मला.