ग्रीगचा ए मायनर कॉन्चेर्टो : दोन पियानोंची प्रत
एकाने विचारलंय की नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याच्या पियानो कॉन्चेर्टोची (एकल पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) दोन पियानोंवर वाजवण्यासाठी छापलेली स्वरलिपीची एकच प्रत दोघांना पुरेल का. नाही, दोन घ्या. एकलवादकाच्या ओळी वर आणि ऑर्केस्ट्राचं काम करणारा दुसरा पियानो खाली, असं सगळं एकाच पानावर छापलेलं असतं. दोघांसमोर पुस्तक हवंच.

आणि कृपा करून दुसरा पियानो म्हणजे नुसती साथ समजून तो कच्च्या हाताकडे देऊ नका! सुरुवातीचा टिंपनीचा (ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्यांचा) चढत जाणारा नाद त्यालाच उभा करायचा असतो. तो फसला तर पहिल्या पियानोचे ते कोसळत येणारे स्वर फिके पडतात. पहिल्या भागातली दुसरी चाल चेलोंची आहे (१८७२च्या छापील आवृत्तीत ती ट्रम्पेटकडे होती, ग्रीग वाद्ययोजना अखेरपर्यंत बदलत राहिला), ती बोटांनी गायला हवी. सगळ्यात अवघड संथ भाग. व्हायोलिनचा लांबवलेला स्वर पियानोवर लगेच विरतो, म्हणून आधी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण प्रत समोर ठेवून ऐका.

मिळाली तर पियानोवादक आणि संगीतकार पर्सी ग्रेंजरने संपादित केलेली प्रत जरूर पाहा. १९०७च्या उन्हाळ्यात तो ग्रीगच्या घरी राहून त्याच्याबरोबर याच रचनेवर काम करत होता.